सूनबाई शिकत आहे

देवासच्या धाकट्या पातीतले मोरोपंत वेडे झाले, असं थोरल्या पातीतले लोक सन एकोणीसशे आठच्या उन्हाळ्यात बोलू लागले. आमच्या देवासची तऱ्हाच न्यारी. गाव एक आणि राज्यं दोन, महाराज दोन, कचेऱ्या दोन. रस्त्याची ही कड यांची, ती कड त्यांची. त्यामुळे वेड्याची बातमीसुद्धा सरहद्द ओलांडून जायची आणि जाताजाता थोडी फुगायची. पण या खेपेला लोकांना तरी काय बोल लावायचा? बासष्ट वर्षांचा, धाकट्या पातीच्या दप्तरखान्यातून पेन्शनीत निघालेला माणूस सकाळी स्नानसंध्या आटोपून ओसरीवर मांडी घालतो आणि पाठशाळेतल्या पोरासारखा डोलत डोलत म्हणतो, "आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाईस, आब्लान." ऐकणाऱ्यानं काय समजावं?

समोर राहणारे उमाशंकर पंडित एक दिवस न राहवून ओसरीपाशी आले. "कंई पंतजी, यो कंई मंतर है?"

"मंत्र नाही, भिया. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आपण बोलतो. स्पेनची भाषा आहे."

"स्पेन कठे?"

"इंदूरच्या पलीकडे," पंत म्हणाले आणि पुढचं क्रियापद धरलं.

पंतांनी संस्कृत रूपं अशीच घोकली होती, तेव्हा कुठलीही भाषा अशीच यायची असा त्यांचा समज. पण या वयात ही हौस कशाला, तर कारण होतं नीलकंठ. पंतांचा एकुलता एक मुलगा. इंग्रजी शिकून मुंबईला गेला, तिथे एका सिंधी शेटच्या पेढीवर पत्रव्यवहाराचा कारकून झाला, आणि पेढीनं त्याला तेनेरीफ म्हणून एक बेट आहे तिथे पाठवलं. बेट स्पेनच्या राजाचं, बोली तिथली स्पॅनिश. समुद्र ओलांडला म्हणून भाऊबंदांत कुरकुर झाली. आला की पंचगव्य देऊन शुद्ध करून घेऊ, असं म्हणून पंतांनी ती मिटवली. नीलकंठाची बायको इंदू तेव्हा अठरा वर्षांची. पंतांची बायको आधीच वारलेली, त्यामुळे घरात राहिले सासरा आणि सून, आणि मधला माजघराचा दरवाजा.

आता पंतांनी जे केलं ते मी सांगतो. त्यात लपवण्यासारखं खूप आहे, पण लपवून गोष्ट पुढे जायची नाही. पहिल्याच वर्षी नीलकंठानं टपालानं एक पुस्तक धाडलं, इंग्रजीतून स्पॅनिश शिकायचं. सोबत मोडीत पत्र: "इंदूला यातली क्रियापदं पाठ करण्यास सांगावे. वर्षा-दोन वर्षांत बिऱ्हाडाची सोय होताच तिला इकडे नेण्याचा मानस आहे." इंदूला बालबोध वाचता यायचं, मोडी यायचं नाही. पत्र आलं की पंत ओसरीवरून मोठ्यानं वाचत आणि ती दाराआडून ऐके. पुस्तकाच्या ओळीशी आल्यावर पंत क्षणभर थांबले आणि ती ओळ गाळून पुढची वाचली. घरची सून बोटीत बसवून पाठवायची ही कल्पनाच त्यांना सोसवेना. खरं सांगायचं तर त्यांना रिकाम्या घराचीही भीती वाटली. पुस्तक गेलं कपाटात, जुन्या पंचांगांच्या खाली.

पण मुलगा सोडतो थोडाच. दर पत्रात विचारायचा, इंदूची क्रियापदं कुठवर आली? पंत ती ओळ गाळत आणि उत्तराच्या शेवटी लिहीत, "सूनबाई शिकत आहे. प्रगती बरी आहे." तीन वर्षं लिहिलं. लिहिताना हात कधी अडखळला नाही. दप्तरखान्यात उभा जन्म गेलेला माणूस, सराईत हात तो.

त्या तीन वर्षांत नीलकंठानं पेढी सोडून बेटावरच्याच एका व्यापाऱ्याकडे नोकरी धरली होती. म्हणजे त्याच्या आसपास इंग्रजी जाणणारंही कोणी राहिलं नव्हतं. मग पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी पाकीट आलं. वर पत्ता नीलकंठाच्याच अक्षरात. दोन महिन्यांत पत्र नव्हतं, त्यामुळे इंदूनं आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग पोस्टमनच्या हातावर. पंतांनी पाकीट फोडलं. आत दोन कागद, अक्षर परकं, भाषा परकी. शेवटी कोण्या बाईचं नाव: कांदेलारिया.

"काय लिहितायत?" दाराआडून इंदूनं विचारलं.

"त्यांच्या भाषेत आहे," पंत म्हणाले. "कोणाकडून लिहवलेलं दिसतं. घरचं पत्र बाहेरच्यापाशी कशाला न्यायचं? नीलकंठानं मागे एक पुस्तक धाडलं होतं. बघतो मीच."

अशी ती आब्लो-आब्लास ओसरीवर आली.

अठराव्या दिवशी दुपारी त्यांना पत्राची पहिली ओळ लागली. पुस्तकाच्या मागे इंग्रजी अर्थांचा कोश होता आणि दप्तरखान्यातलं कामापुरतं इंग्रजी पंतांना येत होतं, पण कोशात क्रियापदाचं मूळ रूपच सापडायचं, म्हणून पंत रूपं म्हणत म्हणत माघारी मुळाशी जायचे. 'मुरियो' वरून ते मुळाशी पोचले. कोशात बोट ठेवलं. तीनदा ठेवलं. मग पुस्तक मिटलं, पत्र देवाच्या पेटीत ठेवलं आणि परसात जाऊन विहिरीवर अंगावरच्या धोतरासकट डोक्यावरून घागरी ओतून घेतल्या. इंदू तेव्हा परसाच्या दारात गहू निवडत होती. "ऊन फार झालंय," पंत तिला म्हणाले, आणि ओल्या धोतरानं आत गेले.

तीन दिवस त्यांनी देवाला हात लावला नाही. बोट कापलंय म्हणून उमाशंकरांना पूजेला बोलावलं. दुरून, उशिरा कानावर आलेल्या मृत्यूचं बापाला तीन दिवसांचं सुतक, तेवढं त्यांनी चोरून पाळलं. मुलगा गेला आणि बाप रडला ते परसातल्या गोठ्यात, गाईच्या आडोशाला, तेही तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून.

सांगितलं का नाही? तेही ऐका. पंत चौदा वर्षांचे असताना त्यांची थोरली बहीण सुभद्रा अठराव्या वर्षी विधवा झाली. दहाव्या दिवशी वडिलांनी पंतांना न्हाव्याला बोलवायला धाडलं. ते गेले आणि बोलावून आणलं. सुभद्राक्काचे केस गुडघ्यापर्यंत होते. न्हाव्यानं ते फडक्यात गुंडाळून नदीवर नेले आणि त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं पंतांनी तिला लाल आलवणात, डोक्यावरून पदर ओढलेलीच पाहिली. इंदू आता बावीस वर्षांची होती. बायकोचं सुतक सुरू व्हायचं ते बातमी तिच्या कानावर आल्यापासून. तोवर तिचं कुंकू तिचं होतं, केस तिचे होते. पंतांनी मनाशी ठरवलं, पत्र लागायचंच नाही. पाप असेल तर माझं.

मग काय, रूपं संपेचनात. कोणी विचारलं की पंत म्हणत, "फार बिकट भाषा आहे. वर्तमानकाळ कसाबसा झालाय." ओसरीवर ते मुद्दाम चुकू लागले, तेच ते क्रियापद महिनाभर घोळू लागले. आतल्या आत मात्र रोज एक एक ओळ उकलत होती. बाई घरमालकीण होती. नऊ दिवस ताप होता, पाणी तीच पाजत होती. पाकिटं तो आधीच पत्ता घालून ठेवायचा, त्यातलं एक घेऊन मी लिहिते आहे. आमच्याकडे जाळत नाहीत, म्हणून कबरस्तानाच्या भिंतीकडेला, समुद्र दिसतो तिथे पुरलं, राग मानू नका. आणि शेवटची ओळ लागली त्या दिवशी पंत जेवले नाहीत. बाईनं लिहिलं होतं: "तो सगळ्या गल्लीला सांगायचा, माझी बायको तुमची भाषा शिकते आहे, वडिलांनी कळवलंय, ती आली की तुमच्याशी बोलेल. आता ती यायची नाही. पण तिला येतं आहे, तर तिनंच मला दोन ओळी लिहाव्यात. मी वाट पाहीन."

या सगळ्याच्या मध्येच, बोट कापल्याच्या गोष्टीला आठवडा झाला असेल नसेल, इंदू दाराआडून म्हणाली होती, "मामंजी, मला शिकवाल का ती भाषा?"

पंतांनी पुस्तक मिटलं. "तुला कशाला?"

"दोघांनी मिळून केलं तर लवकर लागेल पत्र."

नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? त्या रात्री पंतांनी चाकूनं कोशातलं एक पान कापलं, ज्यावर मरण्याचं क्रियापद होतं ते, आणि चुलीत घातलं. सकाळी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं पहिलं पान उघडलं. त्यावर नीलकंठाच्या बालबोध अक्षरात लिहिलेलं होतं, 'चि. सौ. इंदू हिस.' हे पंत पार विसरले होते. इंदूनं ती ओळ वाचली, पदरानं पानावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "कुठून सुरू करायचं?"

पोर हुशार निघाली. रोमन अक्षरं पंधरा दिवसांत आली; कोशातल्या इंग्रजी शब्दांपुढे पंतांनी तिला बालबोधीत मराठी अर्थ लिहून दिले. मग क्रियापदं, पंतांच्याच चालीवर. बायकांना ऐकून पाठ करायची सवयच असते. आरत्या काय, स्तोत्रं काय, कुठे पुस्तक धरून येतात त्यांना? चुलीपाशी फुलके शेकताना तिची खाण्याची रूपं चालायची, दळताना बोलण्याची. कोमो, कोमेस, कोमे. माजघरातून ती म्हणायची, ओसरीवरून पंत पुढचं रूप द्यायचे. घरात इतकं बोलणं कधी झालंच नव्हतं. पंतांना त्याची गोडी लागली आणि गोडी लागली म्हणून स्वतःची शरम वाटू लागली. ती भराभर पुढे जाई, ते तिला मागे ओढत. "घाई नको सूनबाई, पाया कच्चा राहतो." ती 'बरं' म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायची.

एक गोष्ट मात्र पंतांना खुपत होती, पण पुरुष माणसानं विचारायची कशी? इंदू फार वेळा बाजूला बसू लागली होती. उमाशंकरांच्या घरून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, नेमकी त्याच दिवशी बाजूला. वटपौर्णिमेला बाजूला. कोणाकडे मंगळागौर असली की बाजूला. भाद्रपदात गौरी जेवल्या त्या दिवशीही. मग तीन तीन दिवस पंतांनी चूल फुंकावी, पिठलंभात करावा आणि तिला दुरून वाढावा. दुखणं असेल काही, असं म्हणून त्यांनी मूग गिळले. उमाशंकरांच्या बायकोनं तर वैद्याचा काढासुद्धा आणून दिला. इंदूनं तो मुकाट्यानं घेतला.

पौष सरता सरता धारहून पत्र आलं. सुभद्राक्काचा मुलगा कृष्णराव धार दरबारात कामाला होता; त्याच्या मुलाची मुंज वसंतपंचमीला ठरली होती. अक्कानं लिहवलं होतं: "इंदूस घेऊन यावे. मुंजीआधी द्वितीयेला देवीची सवाष्ण घालावयाची ती तिलाच. ते परमुलखातले पत्रही आणावे. येथे बँडाचा मास्तर गोव्याकडील आहे, तो घटकेत वाचून देईल. तुझे घोकणे आता पुरे."

पंतांची पाचावर धारण बसली. नाही म्हणावं तर बहिणीच्या नातवाची मुंज. पत्र घरी विसरलो म्हणावं, तर इंदूनंच ते बासनात गुंडाळून आपल्या गाठोड्यात ठेवलेलं. देवासहून इंदूरपर्यंत टांगा, पुढे धारला बैलगाडी. वाटेत दीड दिवस पंत एकच हिशेब मांडत होते, तिथीचा. बाईनं तारीख दिली होती. त्यांनी ती पंचांगात कधीच काढून ठेवली होती: माघ शुद्ध द्वितीया. ज्या दिवशी इंदूला सवाष्ण म्हणून पाटावर बसवून ओटी भरायची, त्याच दिवशी तिच्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत होतं. वर्षभर पोराला पाण्याचा थेंब दिलेला नाही. तीळ नाही, पिंड नाही. आपण रोज पोटभर जेवतो आणि तो तिथे भिंतीकडेला कोरडा पडलाय. गाडीत त्यांना हे इतकं लागलं, की इंदूनं पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा त्यांनी तो परत केला.

प्रतिपदेला दुपारी धारला पोचले. तासाभरातच सुभद्राक्का ओसरीवर आली. सहासष्ट वर्षांची, काठीसारखी ताठ.

"तुझी सून बाजूला बसली," ती म्हणाली. "आल्या आल्या."

पंतांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"प्रवासानं होतं कधी कधी. पण ते तुमचे उमाशंकर मागे इकडे आले होते, त्यांची बायको सोबत होती. ती सांगत होती, वर्षभर हिचं असंच चाललंय. मोरू, अरे रोजच्या दिवशी कुंकू लावून हिंडते आणि ओटी घ्यायची वेळ आली की बाजूला? हे दुखणं नव्हे. दुखण्याला पंचांग कळत नाही."

पंतांनी मनात मोजायला घेतलं. चैत्रगौर. वटपौर्णिमा. मंगळागौर. गौरी. नवरात्र. संक्रांत. एकदाही नाही. त्या दुपारी आपण विहिरीवर अंघोळ केल्यापासून एकदाही तिनं कोणाची ओटी घेतली नव्हती, कोणाच्या सवाष्णीच्या पाटावर बसली नव्हती. ते उठले. मागल्या परसात गेले.

इंदू गोठ्याशेजारच्या पडवीत कांबळ्यावर बसली होती. मांडीवर पुस्तक होतं. पंत रिवाजाप्रमाणे चार हात लांब थांबले.

"जवळ या मामंजी," ती म्हणाली. "मी बाजूला बसलेली नाहीये."

पंत तिथेच खाली बसले, मातीत.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही धोतरासकट अंघोळ केलीत तेव्हापासून. बोट कापलं म्हणालात, पण कुठलं ते तुम्हालाच आठवत नव्हतं. सकाळी उजव्या हाताला चिंधी, संध्याकाळी डाव्या." ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, दुधाचा रतीब सांगावा तसं. "पुस्तकातलं पान कापलेलं बघितलं, तेव्हा उरलीसुरली आशा गेली."

"मग शिकलीस कशाला?"

"गेले एवढंच कळलं होतं. कसे गेले, कोणाजवळ गेले, कोणी पाणी पाजलं की नाही, ते कुठे कळलं होतं? तुम्ही सांगणार नव्हतात. श्रावणात तुम्ही दुपारचे झोपायचात तेव्हा पत्र काढून वाचत होते. पोळ्यापर्यंत सगळं लागलं."

पंतांना कळून चुकलं, की सगळं म्हणजे शेवटची ओळसुद्धा. त्यांनी मान खाली घातली. बासष्ट वर्षांचा माणूस सुनेसमोर असा बसला, की बघवत नव्हतं.

"मी तुझं पुस्तक दडवलं," ते म्हणाले. "त्याला खोटं लिहिलं. तीन वर्षं लिहिलं. तो खोट्यावर विश्वास ठेवून गेला, इंदू."

इंदूनं पुस्तकाच्या कडेवर अंगठा फिरवला.

"मला राग आला होता," ती म्हणाली. "फार आला होता. एक अख्खा दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते, तुमच्या ध्यानातही आलं नाही. मग वाटलं, ते गल्लीभर सांगत हिंडले, बायको शिकते आहे म्हणून. त्यांचं बोलणं खोटं पडायला नको. पत्र वाचून झालं होतं, पुढे शिकायची मला काही गरज नव्हती. तरी शिकले."

पंतांची नजर तिच्या कपाळावर गेली.

"कुंकू लावत राहिले ते तुमच्यासाठी. मी पुसलं असतं तर तुम्हाला ते पुसलेलं बघावं लागलं असतं. पण दुसऱ्याच्या घरची ओटी कशी घेऊ? त्यांच्या पोरीबाळींचं वाईट व्हायचं. उद्या इथे मुंजीच्या घरात मी सवाष्ण म्हणून बसायची नाही. आणि उद्या त्यांना वर्ष होतंय. पाणी द्या त्यांना, मामंजी. माझे केस राखायला तुम्ही त्यांना तहानलेलं ठेवलंत. आता पुरे."

मग ती म्हणाली, "मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. मराठीत."

 पंत म्हणाले, "सूनबाई, नीलकंठ गेला." आणि वर्षभर उपरण्याच्या बोळ्यात कोंबलेलं रडणं धारच्या त्या परसात बाहेर आलं. गाई उठून उभ्या राहिल्या. घरातली माणसं धावत आली. इंदूनं तोवर आपल्या हातानं कपाळ पुसलं होतं आणि बांगड्या दगडावर ठेवून फोडल्या होत्या.

मुंजीच्या घरात सुतकाची माणसं नकोत, म्हणून तासाभरात दोघं बाहेर पडले आणि तळ्याकाठच्या धर्मशाळेत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतांनी तळ्याच्या पायरीवर बसून मुलाच्या नावानं तिलांजली दिली. बापानं मुलाला द्यायची, उलट्या क्रमानं. मागच्या पायरीवर इंदू उभी होती.

मग दोघं देवासला परतले. मुंज आटोपून अक्काही तिथे आली, दहाव्याच्या आदल्या दिवशी. पंतांनी तिला ओसरीवरच गाठलं. "अक्का, तिचे केस राहू देत. हल्ली पुण्याकडे ठेवतात. मी हात जोडतो."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "माझे राहिले होते का रे, मोरू?" ती म्हणाली. "न्हाव्याला तूच घेऊन आला होतास."

 ज्या माणसानं दहा महिने एक अख्खी भाषा दाबून धरली, त्याला त्या क्षणी 'नाही' हा आपल्या भाषेतला साधा शब्द म्हणता आला नाही. मला या माणसाचा राग येतो, आणि कीवही येते. इंदू दारातून म्हणाली, "राहू द्या, मामंजी. भांडू नका."

दहाव्या दिवशी सकाळी न्हावी परसदारानं आत गेला. त्याआधी इंदूनं एक कागद ओसरीच्या उंबऱ्यावर ठेवला. "उत्तर लिहिलंय त्या बाईंना. चुका तेवढ्या बघून ठेवा."

पंतांनी चष्मा लावला. कागदावर सात-आठ ओळी होत्या, रोमन अक्षरं टपोरी, कित्त्यासारखी. "बाई, मी नीलकंठाची बायको. ते तुम्हाला सांगत होते ते खरं आहे. मी शिकते आहे. तुम्ही त्यांना पाणी पाजलंत, तुमचे उपकार आहेत..." पंत प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवत गेले. दप्तरखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. एक चूक सापडली असती तर त्यांना हात हलवायला काही मिळालं असतं. सापडली नाही.

परसातून वस्तरा परजल्याचा आवाज आला. मग अक्काचं काही बोलणं, मग काहीच नाही. आणि मग इंदूचा आवाज आला, हलका, पाठशाळेच्या चालीवर. आधी पंतांना भास वाटला. "आब्लो... आब्लास... आब्ला..."

तिथे आवाज चिरला आणि थांबला.

पंत ओसरीवरून उठले नाहीत. त्यांची पाठ माजघराकडे होती. त्यांनी डोळे मिटले आणि रोजच्यासारखं पुढचं रूप मोठ्यानं दिलं, "आब्लामोस." समोर उमाशंकर दारात उभे राहून बघत होते. आतून बराच वेळ काही आलं नाही, म्हणून पंतांनी पुन्हा म्हटलं, "आब्लामोस, सूनबाई." मग माजघर ओलांडून अगदी बारीक आवाज आला, "आब्लाईस, आब्लान." आणि तिनं खाण्याचं क्रियापद धरलं.